चार पुतळ्यापाशी चहा

दुपारी सोलापुरात पार्क चौकात चहाला थांबलो. शेजारच्या काकांनी कप उचलला तर डाव्या हाताची तर्जनी अर्धीच. फौजेत होते म्हणे. बोट कुठं गेलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

टपरीवर विषय मारकडवाडीचा. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या या गावानं मतदान यंत्रावर शंका घेऊन स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं. प्रशासनानं जमावबंदी लावली, ते राहिलं. टपरीवाला म्हणाला, "मालक, मत दिलं की यंत्राशेजारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते की! मग रडारड कशाला?"

दिसते, पण मोजतात एका विधानसभा मतदारसंघातल्या पाचच केंद्रांच्या. घोटाळा झालाच असं मी म्हणत नाही. ज्याला शंका आहे त्याला मोजून दाखवायला काय जातं, एवढंच.

काका म्हणाले, "तुमची मतं तरी मोजतात. आमची माणसं मोजून झाली, पुढं काय?"

मग १९६२ चं चीन युद्ध निघालं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, यशवंतराव आले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे शाळेत घोकलेलं. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र सरकारनं अजून खुला केलेला नाही. ब्रिटननं निदान इराक युद्धावरचा चिलकॉट अहवाल २०१६ ला छापला. अर्थात १७९ ब्रिटिश सैनिक गेले (इराकी किती, ते सोडाच) आणि युद्धात उतरवणारे पंतप्रधान ब्लेअर साहेब २००५ ची निवडणूक जिंकलेलेच.

निघताना न राहवून विचारलं, "काका, मतदानाला शाई कुठं लावतात?"

त्यांनी मधलं बोट वर केलं. टपरीवाला चहा गाळायचं विसरून हसत होता.