वाळूतले दोन डोळे: नामिबमध्ये पेरिंग्वेचा अ‍ॅडर टिपताना

पेरिंग्वेचा अ‍ॅडर हा नामिब वाळवंटातला विषारी साप, दिसायला वीतभर. यातले बहुतेक २० ते २५ सेंमीचे, तिशीच्या पुढे गेलेला क्वचितच. पफ अ‍ॅडर आणि गबून व्हायपर ज्या बिटिस प्रजातीतले, त्याच प्रजातीतला हा. १८८८ मध्ये बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि केपटाउनच्या संग्रहालयातल्या लुई पेरिंग्वे या कीटकतज्ज्ञाचं नाव त्याला दिलं. इंटरनेटवर याचे फोटो ढिगाने आहेत, पण बहुतेकांत तो वाळूवर उघडा, वेटोळं करून बसलेला दिसतो. म्हणजे कुणीतरी काठीने उकरून बाहेर काढलेला. मला तो वाळूत असतानाच हवा होता.

ठिकाण नामिबियातलं स्वाकोपमुंड. गावाच्या दक्षिणेला, स्वाकोप नदीचं कोरडं पात्र ओलांडलं की वॉल्व्हिस बेपर्यंत वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे. २०१० पासून हा भाग दोरोब राष्ट्रीय उद्यानात येतो. आपली गाडी घेऊन इथे शिरायचं नाही. परवाना असलेला गाइड लागतो. यात अडवणूक काही नाही. शेजारच्या खडीच्या मैदानावर उमटलेलं चाक दशकानुदशकं पुसलं जात नाही आणि तिथली दगडफुलं, म्हणजे लायकेन, चिरडली की संपलीच. गटाच्या सहलीत दहा-बारा माणसं एकाच सापाभोवती कोंडाळं करतात, म्हणून थोडे जास्त पैसे मोजून स्वतंत्र गाडी ठरवली. सांगून ठेवलं होतं की एकच साप दिसला तरी चालेल, पण त्याला हात लावायचा नाही.

सकाळी धुकं असतं. बेंग्वेलाच्या थंड प्रवाहामुळे समुद्रावरून आलेलं हे धुकं कित्येक किलोमीटर आत शिरतं. पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे हा साप अंगावर साचलेले धुक्याचे थेंब जिभेने चाटतो आणि बाकीचं पाणी भक्ष्याच्या शरीरातून मिळवतो. फोटोसाठी धुकं सोयीचं: प्रकाश मऊ, वारा पडलेला आणि रात्रीच्या खुणा शाबूत. दुपारकडे नैर्ऋत्येचा वारा सुटला की वाळूवर काहीच लिहिलेलं उरत नाही.

सापाआधी माग शोधायचा. कोकणातल्या सड्यावर फुरसं पाहिलेल्यांना याची आडवी चाल नवी वाटणार नाही. सुट्या वाळूत मागे रेटून पुढे सरकता येत नाही, कारण रेटा दिला की वाळूच घसरते. म्हणून हा अंगाचे एक-दोन भागच टेकवतो आणि बाकीचं शरीर उचलून पुढे टाकतो. वाळूवर तुटक, तिरक्या, एकमेकींना समांतर रेघा उमटतात. प्रत्येक रेघेच्या एका टोकाला आकड्यासारखं वळण असतं, ते मानेमुळे होतं; आकडा ज्या बाजूला वळलाय तिकडे साप गेला. हे आधी कळलं नाही तर माणूस माग उलटा काढत राहतो. माझी पहिली वीस मिनिटं अशीच गेली. रेघांच्या कडा धारदार असतील तर माग ताजा. कडांवर बीटलच्या पावलांचे टिपके पडले असतील, तर त्यानंतर बराच वेळ गेलेला असतो.

माग संपतो तिथे खड्डा किंवा बीळ शोधू नका. शेवटच्या रेघेनंतर हातभर जागा किंचित विस्कटलेली दिसते, बहुधा एखाद्या झुडपाच्या बुडाशी. तिथे तीन मीटरवर थांबून दुर्बिणीने पाहायचं. या सापाचे डोळे डोक्याच्या बाजूंना नसून वर आहेत, त्यामुळे सारं अंग वाळूत असतानाही ते दोन मण्यांसारखे बाहेर राहतात. कधी शेपटीचं टोकही बाहेर दिसतं. काहींत ते काळं असतं, काहींत अंगाच्याच रंगाचं. सरडा जवळ आला की साप ते टोक अळीसारखं वळवळवतो आणि सरडा आपल्या पायांनी तोंडाशी येतो. हे पाहायचं तर पोटावर पडून, मुळीच न हलता वाट पाहावी लागते. मला चाळीस मिनिटांत दोनदा वळवळ दिसली, सरडा काही आला नाही.

आता लेन्स. १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, नेऊ नका; नेली तर पिशवीतच ठेवा. डोळ्यांभोवतीची सात सेंमी जागा फ्रेमभर घ्यायची, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरवर खऱ्याच्या साधारण निम्म्या आकाराची प्रतिमा, तर १०० मिमीचं पुढचं टोक सापापासून ३० सेंमीच्या आत येतं. १८० मिमीवर हेच अंतर बरंच जास्त राहतं, आणि वीतभर सापाला तेवढं पुरतं. प्रतिमा एवढी मोठी घेतली की एफ ११ इतक्या लहान अ‍ॅपर्चरवरही स्पष्टता जेमतेम चार मिलिमीटर खोल मिळते. दोन्ही डोळे धारदार हवे असतील तर कॅमेरा डोक्याच्या बरोबर समोर हवा. जरा तिरका झाला की एक डोळा गेला. एफ २२ वर जाऊन फायदा नाही, विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. ट्रायपॉडही नको, त्याचे पाय वाळू ढकलतात. कापडी पिशवीत वाळू भरून तिच्यावर कॅमेरा टेकवला. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक फिकट वाळूला फसतो आणि फोटो काळवंडतो, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवलं.

जवळ जाताना कायम उताराच्या खालच्या बाजूने आणि एकाच वाटेने. वरून गेलात तर वाऱ्याआडच्या उताराची वाळू ढासळते आणि साप गाडला जातो. शिवाय फ्रेममध्ये आपलीच पावलं येतात, ती नंतर पुसता येत नाहीत.

ऊन चढल्यावर साप आपणहून हलला, झुडपाच्या सावलीकडे. चालीचे फोटो इथे मिळतात आणि इथेच बहुतेक जण चुकतात. डोकं एका दिशेला असतं आणि शरीर तिरकं दुसरीकडे जातं. डोक्यासमोर जागा सोडून फ्रेम लावली की साप बाजूने बाहेर पडतो. रेघांचा कल पाहून पुढची जागा ठरवायची. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली आणायचं नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याला उन्हात अडवून ठेवणं. दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. या सापाला तेवढ्या तापात थोडा वेळही निभत नाही, म्हणूनच तो पुरलेला असतो किंवा सावलीत. अंग फुगलं, फुत्कार सुरू झाला की कॅमेरा खाली. फुरसं खवले घासून करकर आवाज करतं, हा फुसकारतो. दोघांचंही म्हणणं एकच.

दंशाने माणूस दगावल्याची नोंद माझ्या वाचनात नाही, पण वेदना आणि सूज चांगलीच येते. दक्षिण आफ्रिकेत बनणारं, अनेक सापांच्या विषांवर चालणारं प्रतिविष अशा बुटक्या अ‍ॅडरच्या विषासाठी नाही, त्यामुळे उपचार लक्षणांवरच. अंगठी काढायची, हात स्थिर ठेवायचा, घट्ट पट्टी बांधायची नाही आणि स्वाकोपमुंडचं रुग्णालय गाठायचं.

सावलीत पोचल्यावर तो पुन्हा बुडाला. डोकं खुपसून नव्हे, जागच्या जागी. बरगड्या पसरून अंगाखालची वाळू दोन्ही बाजूंना लोटत राहिला आणि अर्ध्या मिनिटात दिसेनासा झाला. मी सलग फोटो घेतले, पण मधले तीन निकामी गेले, कारण ऑटोफोकसने उडत्या वाळूचे कण धरले. हे दृश्य टिपताना फोकस हाताने डोळ्यांवर लावून सोडून द्यावा.

वाळूत लेन्स बदलू नये. कण पुसू नयेत, ब्लोअरने उडवावेत. पुसले की ओरखडे. थंड धुक्यातून गाडीत आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढला तर काचेवर बाष्प धरतं, तो बंद पिशवीतच हळूहळू कोमट होऊ द्यावा. आणि परतताना आपल्याच पावलांवर पाय देत मागे यावं: शेजारच्या झुडपाखाली दुसरा असेल, तर त्याचेही फक्त डोळेच बाहेर असणार.