घरातली वीज मोजताना: इंदूरच्या गटाची उन्हाळी नोंद

रामबाग, लोकमान्य नगर आणि सुदामा नगरातल्या घरांची मोजणीची पहिली फेरी झाली. पंख्यांचं काम बहुतेक उरकलं आहे, कूलरचं अर्ध्यावर आहे, पाण्याचं आत्ता हातात घेतलंय. एक शिफारस मात्र मागे घेतली आहे: गॅस सोडून इंडक्शन घ्या, असं आता सरसकट सांगायचं नाही. त्याचा हिशेब खाली स्वयंपाकघरात दिला आहे.

आधी मीटर. मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याजवळ एका युनिटला (म्हणजे एक किलोवॅट-तासाला) किती पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं. बऱ्याच सिंगल फेज मीटरांवर ३२०० असतं, काहींवर १६००, म्हणून वाचल्याशिवाय गणित करू नये. ३२०० चं सूत्र सोपं आहे: ११२५ भागिले दोन पल्समधले सेकंद, म्हणजे त्या क्षणाचे वॅट. एका पल्सवर भरवसा ठेवायचा नाही, सलग दहा अंतरांचा वेळ घ्या आणि ११२५० ला त्याने भागा. पहिली पल्स दिसताच 'शून्य' म्हणून मोजायला सुरुवात करायची. 'एक' म्हटलं की दहाच्या जागी नऊच अंतरं मोजली जातात आणि उत्तर दहा टक्क्यांहून जास्त फुगतं. मोजणीतली सगळ्यात नेहमीची चूक हीच.

बेस लोड, म्हणजे कुणी काही वापरत नसतानाही घर ओढत राहतं ती वीज, काढण्यासाठी दिवे, पंखे, कूलर बंद करा. फ्रिजचा प्लग दहा मिनिटं काढा आणि बाकी सगळं जसं आहे तसं राहू द्या. दोन पल्समध्ये ४५ सेकंद जात असतील तर २५ वॅट, म्हणजे घर ठीक आहे. १९ सेकंदांच्या आसपास असतील तर जवळपास ६० वॅट कुठेतरी चोवीस तास जळताहेत. मग एकेक प्लग काढून पुन्हा मोजा. सहसा सापडतात ती तीनच: सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि इन्व्हर्टर. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी ८ ते १५ वॅट ओढत राहतो. भिंतीवरचं बटण बंद करणं हाच त्याला उपाय. इन्व्हर्टरकडे जास्त लक्ष द्या. बॅटरी म्हातारी झाली की ती पूर्ण भरतच नाही, चार्जर थांबत नाही, आणि हात लावला तर बॅटरी कोमट लागते. डिस्टिल्ड वॉटरची पातळी भरून दोन दिवसांनी पुन्हा मोजा. तरीही आकडा उतरला नाही तर बॅटरी बदलायला झाली. मोबाइलचा रिकामा चार्जर काढून ठेवा म्हणून मागे लागण्यात अर्थ नाही, तो अर्धा वॅटही घेत नाही.

४० वॅटचा बेस लोड म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट, महिन्याला २९. मध्य प्रदेशात हा आकडा वजनदार ठरतो, कारण अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. १७० वरचं घर १४५ वर आलं की २५ युनिटांचे पैसे तर वाचतातच, वर ही सवलतही लागू होते. म्हणून १५० ते १८० मधली घरं आधी घ्यायची, असं ठरवलं आहे.

सतत नोंद हवी असेल तर मीटरच्या दिव्यावर सेन्सर चिकटवता येतो. सामान: फोटोट्रान्झिस्टर (उजेड टिपणारा सेन्सर), एलएम३९३ चं कम्पॅरेटर मॉड्यूल (सेन्सरच्या सिग्नलचं चालू-बंद करणारं), ईएसपी८२६६ चा बोर्ड (पल्स मोजून वाय-फायने पाठवणारा), ५ व्होल्टचा अडॅप्टर, काळी टेप. मीटरचं सील, झाकण, वायर यांना अजिबात हात लावायचा नाही; सेन्सर बाहेरून काचेवर बसतो. एलडीआर (उजेडाने रोध बदलणारा साधा सेन्सर) वापरू नका. तो सुस्त असतो आणि एसी किंवा गीझर चालू झाला की जवळजवळ येणाऱ्या पल्स गाळतो. दुपारी थेट ऊन पडत असेल तर सेन्सर आंधळा होतो. शेजारी जुन्या चोकची ट्यूबलाइट असेल तर तिची सेकंदाला १०० वेळा होणारी थरथर पल्स म्हणून मोजली जाते आणि घर अचानक कारखाना झाल्यासारखं दिसतं. दोन्हींवर इलाज एकच: काळ्या टेपची नळी करून सेन्सर दिव्यावर घट्ट झाकायचा, आणि प्रोग्रॅममध्ये एका पल्सनंतर ३० मिलिसेकंद दुसरी मानायची नाही. मीटर जिन्याखाली लोखंडी पेटीत असेल तर वाय-फाय पोहोचत नाही. अशा ठिकाणी बोर्ड पेटीबाहेर ठेवा आणि फक्त सेन्सरची वायर आत न्या.

एकाच सर्किटची नोंद हवी असेल तिथे पीझेम-००४टी हे वीज मोजणारं मॉड्यूल, सीटीसह (वायरभोवती बसून करंट मोजणारं कडं). सीटीच्या कड्यातून फक्त फेजची वायर जायला हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही गेल्या तर रीडिंग शून्य येतं आणि मॉड्यूल बिघडलं असं वाटतं. हे मॉड्यूल थेट २३० व्होल्टवर बसतं. लायसन्सवाल्या वायरमनशिवाय जोडू नये.

पंखे. जुन्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याला पूर्ण वेगावर ७० ते ८० वॅट लागतात, बीएलडीसीला (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या पंख्याला) ३० च्या आसपास. दिवसाला १४ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला साधारण १९ युनिटं वाचतात. दिवसातून दोन तास चालणारा देवघरातला किंवा पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलण्याची घाई नको. बीएलडीसी लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून तिथे साधं बटण बसवा. रेग्युलेटर राहिला तर पंखा अडखळतो, रिमोट ऐकत नाही, आणि पुढे सर्किट बोर्ड जातो. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं) स्टार लेबल सक्तीचं आहे, पण लेबल वाचताना वॅटबरोबर हवेचा आकडाही पाहा. कमी वॅट आणि कमी हवा असा पंखा घेतला तर लोक शेजारी टेबल फॅन लावतात.

पंखा नुसता मंदावला असेल तर नवा घेण्याआधी कंडेन्सर तपासा. सीलिंग फॅनला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. मल्टिमीटरवर २ च्या खाली दाखवला तर बदला. मेन स्विच बंद करून, कंडेन्सर डिस्चार्ज करूनच हात लावायचा. याने वॅट कमी होत नाहीत, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. फायदा असा की हवा पुरते आणि दुसरं यंत्र लावावं लागत नाही.

आता कूलर. माळव्यात सगळ्यात जास्त वाव इथे आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असते, तेव्हा ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान, म्हणजे नुसत्या पाण्याने हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होऊ शकते ते, २१ च्या आसपास येतं. जाळ्या चांगल्या असल्या तर कूलरमधून २६ अंशांची हवा मिळते, तीही १५० ते २०० वॅटमध्ये. दीड टनाचा एसी त्याच दुपारी दीड किलोवॅटच्या घरात जातो. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता झाली की तोच कूलर २८ च्या खाली जाऊ शकत नाही. तेव्हा पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा वापरा.

'कूलर थंड करत नाही' म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेकांत कूलर धड असतो आणि खोली बंद असते. आलेली हवा बाहेर गेली नाही तर आर्द्रता साठते आणि चादर ओलसर लागते. कूलरच्या तोंडाएवढी तरी मोकळी खिडकी समोरच्या बाजूला हवी, आणि कूलर स्वतः बाहेरची हवा ओढत असायला हवा. खोलीत ठेवलेला कूलर तीच दमट हवा फिरवत राहतो.

त्यानंतर पनाळ. जाळीवर पाणी सोडणाऱ्या पनाळीची भोकं बोअरच्या जड पाण्याच्या क्षाराने बुजतात, जाळीवर कोरडे पट्टे पडतात आणि त्यातून गरम हवा सरळ आत येते. पंधरा मिनिटं चालवून जाळी मागून पाहा, पट्टा लगेच दिसतो. जाड तारेने भोकं मोकळी करा, कूलर पाणसळीने समतल करा. घासाच्या जाळ्या दर हंगामाला बदलाव्यात. वाळ्याच्या जाळ्यांचा वास सुरेख, पण त्या फार दाट भरल्या तर हवाच अडते. उजेडासमोर धरल्यावर बारीक कवडसे दिसले पाहिजेत. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा आणि कोरडी होऊ द्या, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

आणि अर्थिंग, ज्यावर या गटात कुणी सवलत मागू नये. पत्र्याचा कूलर, पाणी आणि ओली फरशी एकत्र आली की माणूस जातो. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावून तो पूर्ण उजेडाने पेटतो का, हे वायरमनकडून पाहून घ्या. कूलरच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच सर्किट तोडणारा स्विच) बसवा. पाणी भरताना प्लग काढलेलाच असावा. अर्थिंग नसलेल्या घरात कूलरचं बाकीचं काम सुरू करायचं नाही.

रात्री माळव्याची हवा उतरते, तिचा उपयोग करा. नऊनंतर आमनेसामनेच्या खिडक्या उघडा, सकाळी आठच्या आत बंद करून पडदे ओढा. भिंती रात्रीत निवल्या की दुपारचा कूलर उशिरा लागतो. एसी असेल तर २६ वर ठेवून पंखा लावा. बीईईच्या हिशेबाने एक अंश वाढवला की वापर सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो.

स्वयंपाकघर. एक किलो एलपीजीत सुमारे १२.८ युनिटं उष्णता असते. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर भांड्यात ७.७ पोहोचतात. तेवढीच उष्णता ८५ टक्क्यांच्या इंडक्शनवर द्यायला ९ युनिटं वीज लागते. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ६.५ किलो होतो. एक किलो गॅस जळून ३ किलो होतो. म्हणजे ग्रिडची वीज आज आहे तशी असताना इंडक्शनने उत्सर्जन दुपटीहून वाढतं. छतावर सोलर आहे आणि स्वयंपाक दिवसा होतो, अशा घरांनाच इंडक्शन सुचवायचं. बाकीच्यांना कुकर, झाकण, तासभर भिजवलेली डाळ आणि शिटी झाल्यावर बारीक केलेली आच.

पाण्याचा हिशेब बिलावर दिसत नाही, म्हणून तो राहून जातो. इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर, किमान ४०० मीटर चढवून आणलं जातं. १००० लिटर ४०० मीटर उचलायला आदर्श स्थितीत १.१ युनिट लागतं. पंपांची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १.६, आणि नळांतलं घर्षण वेगळं. हौदातून गच्चीच्या टाकीत तेवढंच पाणी चढवायला घरच्या पंपाला ०.१ च्या आसपास पुरतं. म्हणजे ओसंडून वाहणाऱ्या टाकीचा खरा खर्च घरच्या पंपात नाही, घाटाखाली जलूदच्या पंपांवर झालेला असतो. याच खर्चापोटी महापालिकेने २०२३ मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले. घरात करण्यासारखं: टाकीला फ्लोट स्विच, आणि आरओची तपासणी. आरओ एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या पेनने नळाचं पाणी मोजा. ५०० च्या बरंच खाली असेल तर यूव्ही-यूएफ (अतिनील दिवा आणि बारीक गाळणीचा फिल्टर) पुरतो. बोअर मिसळलेलं असेल तर दोन्ही दिवस वेगळं मोजा, कारण नळाला एक दिवस आड पाणी येतं आणि मधल्या दिवशी आकडा पार बदलतो.

पुढच्या फेरीत फ्रिज आहेत. कॉम्प्रेसर थांबत-चालत असतो, म्हणून पूर्ण २४ तासांचं रीडिंग लागेल. प्लगचे मीटर त्यासाठी पाळीने फिरतील. त्याआधी, पहिला जोराचा पाऊस झाला की कूलर आवरायचे: टाकी घासून कोरडी, पंप व्हिनेगरच्या पाण्यात तासभर चालवून धुतलेला, घास फेकलेला, मोटरच्या बेअरिंगला दोन थेंब तेल, आणि वर जुनी चादर, प्लास्टिक नको, कारण त्याखाली दमट हवा अडकून पत्रा गंजतो.