लेझीम, वीट आणि नववीचा वर्ग

मी नागपूरच्या एका शाळेत समुपदेशक आहे, पोट्ट्यांच्या भाषेत "काउन्सेलिंगवाल्या मॅम". नववीचा वर्ग आठवड्यातून एकदा माझ्याकडे येतो, आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा मीच एकटी बोलत असते. राग आला की काय करता असं विचारलं की सगळे बाकाकडे बघणार, मागून एखादा "काही नाही मॅम" म्हणणार, संपला विषय.

त्या दिवशी वर्ग ग्राउंडवरून थेट माझ्याकडे आला. पंधरा ऑगस्टची लेझीम बसवणं सुरू होतं, त्यामुळे एरवी गणिताच्या पोर्शनला जाणारा पीटीचा तास चक्क पीटीलाच मिळाला होता. ऑगस्टचा आपला उकाडा माहीतच आहे, पाऊस थांबला की नुसती चिकचिक, सगळे घामाघूम. मी आधी थोडा वेळ वरून बघत होते. पीटीच्या सरांनी एक जगह, पवित्रा, दो रुख हे लेझमीचे प्रकार घोटून घेतले नि म्हणाले, आता शेवटचा तुकडा तुम्हीच बनवा, आठ-आठ जणांत, मी काही सांगणार नाही. आधी नुसता गोंधळ. मग उमरेडहून यंदाच आलेली एक मुलगी, जिचा आवाज मी शाळा सुरू झाल्यापासून धड ऐकला नव्हता, ती म्हणे की दो रुख सगळ्यांनी एकदम नाही करायचं, प्रत्येकानं शेजारच्याच्या एक ठोका मागून वळायचं. करून बघितलं तर रांगेतून लाट गेल्यासारखं दिसलं आणि पोट्टे ओरडलेच.

वर आल्यावर मी रागाचा धडा बाजूला ठेवला नि फळ्यावर लिहिलं, घर बांधणं सोडून विटेचे उपयोग. गिलफर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाची ही जुनी चाचणी, एकच बरोबर उत्तर नसतं, जेवढं सुचेल तेवढं लिहायचं. कूलरच्या स्टँडखाली टेकू, क्रिकेटचे स्टंप, तुकडा घेऊन रस्त्यावर लंगडीचे चौकोन आखायला, असं भराभर येत होतं. एकानं वाचलं, "घरात भांडण सुरू झालं की आपल्या खोलीच्या दाराला लावायला." कोणी हसलं नाही. दुसरा म्हणाला, मी तर गच्चीवर जातो. मग तिसरी बोलली. जे मला सरळ विचारून कधी मिळालं नसतं ते विटेमुळे निघालं (त्या मुलाशी नंतर वेगळं बोलले, ते इथे नको).

आता हे एका दिवसाचं, सोबत खेळून आल्यावर पोरं बोलती होतात याचा हा पुरावा असं कोणी म्हणू नये. पण स्टॅनफर्डच्या 2014 च्या प्रयोगांत चालताना लोकांना नव्या कल्पना जास्त सुचल्या, एकच उत्तर असलेल्या कोड्यांत मात्र फायदा दिसला नाही, म्हणून "पीटीनं गणिताचे मार्क वाढतील" असलं आमिष मी पालकांना दाखवत नाही. आणि ऑक्सफर्डच्या रोइंगवाल्या मुलांवरचा प्रयोग मला फार आवडतो, मेहनत तेवढीच, पण एका तालात सोबत वल्ही मारल्यावर त्यांची दुखणं सोसायची ताकद एकट्यानं केल्यापेक्षा जास्त भरली, संशोधकांच्या मते यामागे एंडॉर्फिन, म्हणजे दुखणं कमी करणारं शरीरातलंच रसायन, असावं. आमच्या ग्राउंडवर एकेकट्यानं राउंड मारायला लावलेली पोरं पण थकतातच, पण वर येऊन गप्पच बसतात.

पण ग्रुप आहे म्हणजे भलंच होतं असंही नाही बरं का. दोन कॅप्टन उभे करून टीम निवडायला लावलं की शेवटी उरलेल्या पोराचं तोंड बघा एकदा, त्याला खेळ नकोसा व्हायला तेवढं पुरतं. लेझमीत तसं होत नाही कारण रांगेला सगळेच लागतात, आणि ज्याचे पाय तालात पडत नव्हते त्याला सरांनी हलगी दिली, ती तो मस्त वाजवतो.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं तरी मध्यम ते जोरदार हालचाल हवी म्हणते, आमच्याकडे आठवड्याला दोन पीटी, त्यातली एक गणितात. पंधरा ऑगस्टनंतरही ती पीटीलाच राहू द्या असा अर्ज मी नि सरांनी मिळून दिलाय. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "युनिट टेस्ट होऊ द्या, मग बघू." गणिताच्या मॅडम माझ्याशी सध्या जरा कमीच बोलतात.