दम्याचा पंप आणि पाठीचा मणका

माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारी तरुण मंडळी हल्ली आधी मोबाईलच पुढे करतात. व्हिडिओत कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणक्यांना दाब किंवा झटका देऊन उपचार करणारा, मान पिरगाळतो, कडकन आवाज येतो, पेशंट हसत उठतो. "मॅडम, असं करून द्या ना!" तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. बोटं मोडताना येतो तोच, सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा.

साध्या कंबरदुखीत या उपचारानं थोडा आराम पडतो, हे मी मानते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2017 मध्ये कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचनांत शेक, मसाज यांच्या जोडीनं त्यालाही जागा दिली. आपल्याकडेही उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेत. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपणहून उतरते, त्यामुळे गुण कशाचा हे ओळखणं अवघडच.

मला घोर लागतो तो पुढच्या दाव्यांचा. शेजारच्या काकू अशाच उपचाराच्या एका शिबिराचं पत्रक घेऊन आल्या. पाठीच्या कण्याचं रंगीत चित्र आणि प्रत्येक मणक्यासमोर एकेक आजार: दमा, बीपी, शुगर, कान फुटणं. नातवाचा दम्याचा पंप बंद करून त्याला तिकडे न्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं.

ही कल्पना जुनी आहे. 1895 मध्ये अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हनपोर्टला, या उपचारपद्धतीचे जनक डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका बसवून बहिरेपण घालवल्याचा दावा केला. पुढे तर शंभरातले पंचाण्णव आजार मणके सरकल्यानं होतात, असं ते म्हणू लागले. पण ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या कण्यातून ती जातच नाही! ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्या नियामक परिषदेनंही 2010 मध्ये सांगितलं, की सरकलेल्या मणक्यानं आजार होतात याला संशोधनाचा आधार नाही.

काकूंना एवढंच म्हटलं, "पंपाचं काय ते मुलांच्या डॉक्टरांना विचारा. दम्यात श्वासनळ्या सुजतात, त्या मणका दाबून मोकळ्या होत नाहीत."

मानेला झटका मात्र कुणालाच देऊ देऊ नका. मानेतल्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. क्वचित का होईना, त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झालेला आहे. आणि कंबरदुखीसोबत लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर मालीश नको, झटका नको, माझ्याकडेही नको. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.