ऐन हंगामात साइट गायब

एप्रिलमध्ये देवगडात कोणाला बोलायचीही सवड नसते. अशात एका बागायतदार काकांचा फोन आला, "बाय, वेबसायटीवरच्यो ऑर्डरी बंद झाल्यो. आंबो तोच आसा, मगे गिरायक खंय गेला?"

मी कुडाळला होमस्टे आणि बागायतदारांच्या वेबसाइट सांभाळते. काकांचं काम शहरातल्या एका एजन्सीकडे होतं, तरी गेले. मांगरात पेट्या भरणं जोरात चालू होतं. एक पेटी उपडी घालून तिच्यावर लॅपटॉप ठेवला. बागेचं नाव टाकून शोधलं तरी गुगलच्या पहिल्या पानावर साइट नाही. सर्च कन्सोल, म्हणजे गुगल साइटच्या मालकाला सूचना देतं ते खातं, एजन्सीच्या ईमेलवर. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र काकांच्या मुलाच्या नावावर होतं, म्हणून मालकी सिद्ध करून आत जाता आलं. मॅन्युअल अ‍ॅक्शनच्या, म्हणजे गुगलच्या माणसाने तपासून लावलेल्या शिक्षेच्या, पानावर सूचना पडून होती: या साइटकडे येणाऱ्या लिंक अनैसर्गिक आहेत. ती फेब्रुवारीतच आली होती. एजन्सीने काकांना त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. याचा मला अजूनही राग येतो.

मग लिंकांची यादी उतरवून घेतली. जुगाराच्या साइट, औषधं विकणाऱ्या साइट, बंद पडलेल्या कुठल्याशा क्लबचं डोमेन विकत घेऊन त्यावर चढवलेले भाराभर लेख. जिथे तिथे निळ्या अक्षरांत तेच शब्द: 'देवगड हापूस ऑनलाइन खरेदी'. खरा माणूस लिंक देतो तेव्हा बागेचं नाव लिहितो, 'इथे बघा' म्हणतो, नाहीतर नुसता पत्ता चिकटवतो. शेकडो अनोळखी लोक एकच विक्रीचं वाक्य जसंच्या तसं लिहीत नाहीत. तिथेच बिंग फुटतं.

काकांना समजावलं, की एका साइटने दुसरीला लिंक दिली तर गुगल ती शिफारस धरतं. १९९८ मध्ये त्यांची मांडणी यावरच उभी राहिली. म्हणून शिफारशी विकण्याचा धंदा निघाला. २०१२ च्या एप्रिलमध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणून अशा साइट खाली ढकलल्या. २०१६ पासून ते काम मूळ यंत्रणेतच अखंड चालतं आणि विकतच्या लिंक बहुतेक वेळा नुसत्या मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात. पण प्रकरण गुगलच्या तपासणाऱ्या माणसासमोर गेलं, तर शिक्षा होते. जाहिरातीला बंदी नाही; पैसे देऊन घेतलेल्या लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण हवी, एवढंच.

काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कार्बाइड घातलेलो आंबो."

एजन्सीला फोन लावला. उत्तर आलं, "सगळेच करतात, मॅडम." दर महिन्याच्या अहवालात ते लिंकांचा चढता आकडा दाखवत होते; त्यातून पेट्या किती गेल्या, हा रकाना त्यात नव्हताच.

पुढचं काम किचकट. लिंक काढा म्हणून त्या साइटना मेल, बहुतेकांचं उत्तर नाही. उरलेली डोमेन एका साध्या टेक्स्ट फाइलीत, प्रत्येक ओळीवर एक, लिहून गुगलच्या डिसअव्हाव साधनात, म्हणजे 'या लिंक धरू नका' असं कळवायच्या जागी, चढवली. नंतर काय झालं, काय काढलं, काय निघालं नाही, हे सगळं खरंखुरं लिहून पुनर्विचाराचा अर्ज. त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. कपड्यांच्या दुकानाला एवढं थांबणं जमेल, हापूसवाल्याला कसं जमणार? मे संपला की हंगाम संपला.

काकींनी जुन्या गिऱ्हाइकांची वही काढली. पुण्या-मुंबईला एकेकाला फोन करून बऱ्याच पेट्या घालवल्या. बाकीचा माल वाशीच्या बाजारात, दलाल देईल त्या भावाने गेला.

अर्ज मंजूर झाला तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. शिक्षा उठली, पण साइट जुन्या जागी परतली नाही, कारण ती जागा त्या लिंकांच्याच जोरावर होती. आता बागेचे फोटो, मोहोराची माहिती, पेटी कशी पिकवावी, हे काकांचा मुलगा स्वतः लिहितो, आणि सर्च कन्सोलच्या सूचना त्याच्याच ईमेलवर येतात. दिवाळीनंतर दुसऱ्या एका कंपनीने लिंकांचं पॅकेज घेऊन फोन केला. कोणकोणत्या साइटवरून लिंक देणार, त्यांची यादी मुलाने आधी लेखी मागितली. ती अजून आलेली नाही.