मावळ्याच्या तलवारीपासून मिगच्या पत्र्यापर्यंत : आमची वाटचाल

छोट्या मॉडेलना रंगानं खऱ्या धातूचं रूप द्यायचं आमचं काम दिवाळीच्या किल्ल्यांवरच्या मावळ्यांपासून सुरू झालं. पुण्यात दसरा उलटला की प्लास्टरच्या चित्रांना, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्तींना, मागणी येते. आई आणि मी ती घरी रंगवून दुकानांना द्यायचो. अंगरखा, पागोटं, घोडा झकास व्हायचा. तलवार मात्र चॉकलेटवरच्या चांदीच्या कागदासारखी दिसायची. बाजारात सगळ्यांचीच तशी असे, म्हणून कुणी तक्रार करत नव्हतं. मला ते खुपत होतं.

खरं काम रंगाखाली आहे, हे हळूहळू कळलं. धातुरंगात ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात. खाली खरखरीत असेल तर त्या वाकड्यातिकड्या बसतात आणि नुसती चमचम दिसते. खाली गुळगुळीत असेल तर त्या आडव्या पसरतात, मग प्रकाश एकसंध परततो. म्हणून आम्ही प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, २००० नंबरच्या पॉलिश पेपरनं ओला घासतो, त्यावर चकचकीत काळा थर देतो, तो कडक वाळू देतो आणि मग एअरब्रशनं (कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीनं) धातुरंगाचे विरळ थर चढवतो. तो काळा पुरता झाकायचा नाही. पोलादात जो जडपणा दिसतो तो त्याचाच.

तलवारी बघून हवाई दलातले एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांना मिग-२१ या लढाऊ विमानाचं मॉडेल हवं होतं, तेही सुरुवातीच्या काळातलं, उघड्या धातूचं, म्हणजे पत्र्याला रंग न दिलेलं. १:७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं केलं की, ते विमान जेमतेम वीतभर भरतं. अख्ख्या विमानाला एकच चंदेरी रंग मारला की ते खेळणं होतं. प्रत्येक पत्र्याची झाक थोडी निराळी ठेवावी लागते, आणि शेपटीकडे, जिथं इंजिनाची झळ लागते तिथं, तापलेल्या पोलादावर येतात तसे रंग क्रमानं आणावे लागतात : फिका पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. हा क्रम चुकलेला मॉडेल मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हापासून या मागण्या वाढल्या आहेत.

तोफांचं काम वेगळं. ओतीव लोखंडाला चकाकी नसतेच. तपकिरी-काळ्या रंगावर कडांना पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटानं चोळली की ते वजनदार दिसतं. विजापूरची मुलूख-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, काशाची. तिथं उलट खाचांत हिरवट काळेपणा आणि उंचवट्यांवर उबदार झळाळी हवी. माझ्या मते सगळ्यात अवघड धातू कासंच. जरा जास्त पिवळं झालं की पितळ वाटतं.

आता भोसरीतले कारखानदार पंप आणि गिअरबॉक्सचे थ्रीडी प्रिंट आमच्याकडे देतात, प्रदर्शनात मांडायला. धंद्याचा पाया आज हाच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उघड्या धातूचं काम आम्ही घेत नाही. दमट हवेत लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा रंग, पांढुरका पडतो, आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवायचा फिल्टर लावला तरी हवेतली ओल राहतेच. वरून संरक्षणाला जाड वार्निशही मारत नाही. त्यानं सगळी चकाकी मरते. त्यामुळे विमान देताना गिऱ्हाईकाला सांगतो : काचेच्या पेटीत ठेवा, आणि उचलायचं झालं तर खालच्या स्टँडला धरून उचला.