तुमच्यात ॲल्युमिनियम कुठलं?

'आइन्स्टाईनचं कुठं चुकलं' हे सांगणारी पत्रं आमच्या संस्थेत अधूनमधून येतातच. स्पायरल बाइंडिंग, आणि एक प्रत राष्ट्रपतींना. सगळी माझ्या टेबलावर येतात, कारण 'तू मराठीत छान समजावतेस'. खरं म्हणजे बाकीच्यांना कंटाळा येतो.

त्या शुक्रवारी आलेल्या काकांकडे फाइल नव्हती. भोसरीतल्या एका कारखान्यात टूलरूमच्या इन्स्पेक्शनला आयुष्य काढलेला माणूस, आता निवृत्त. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, विश्व फुगतंय म्हणता. पट्टी आखडत नाही, हे कुणी तपासलं?"

मी पाठ असलेलं उत्तर सुरू केलं. दूरच्या दीर्घिकांच्या वर्णरेषा (त्यांच्या प्रकाशातल्या, अणूंनी ठरवलेल्या रंगांच्या रेषा) तांबड्याकडे सरकलेल्या दिसतात, वगैरे. त्यांनी मध्येच विचारलं, "सगळ्या रेषा एकाच पटीत सरकतात?" हो. "मग ते नुसतं गुणोत्तर झालं. प्रकाश ताणला गेला का अणू आखडला, कसं ओळखणार?"

नुसत्या रेषांवरून नाहीच ओळखता येत.

मग त्यांनीच मला शिकवलं. स्लिप गेज, म्हणजे मापं तपासायचा प्रमाण ठोकळा, २० अंश सेल्सिअसला खरं असतं. १०० मिलिमीटरचा स्टीलचा तुकडा १० अंशांनी तापला की साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतो. भोसरीत मे महिन्यात शॉपमध्ये २० अंश कुठले? पण जॉब, म्हणजे मोजायची वस्तू, स्टीलचा, गेजही स्टीलचा आणि दोन्ही सारखेच तापलेले असले, तर माप बरोबरच येतं. दोघं मिळून फुगतात. लफडं होतं ते जॉब ॲल्युमिनियमचा असला की. तो दुपटीनं फुगतो.

मी उठून फळ्यावर गेले. जर्मन गणितज्ञ हेर्मान वाइल यांनी १९१८ साली नेमकं हेच मांडलं होतं : दोन जागांच्या पट्ट्यांची थेट तुलना करता येत नाही, प्रत्येक बिंदूवर माप नव्यानं ठरवायची मोकळीक हवी. त्यातून त्यांना गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच भूमितीत बसवायचं होतं. पुढे ते नाव पडलं 'गेज', आणि मूळ जर्मन शब्द म्हणजे वजनमापं तपासून प्रमाणित करणं. काका खुर्चीत पुढे सरकले. पण वाइलच्या भूमितीत पट्टी कुठल्या वाटेनं आली यावर तिची लांबी ठरते. आइन्स्टाईनची हरकत त्याच निबंधाला जोडून छापली गेली : तसं असतं तर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या हायड्रोजनच्या अणूंच्या रेषा जुळल्याच नसत्या. प्रत्यक्षात त्या जुळतात.

"म्हणजे एका पेटीतले दोन गेज, एक लेथला दिला, एक ग्राइंडिंगला," काका म्हणाले, "संध्याकाळी परत आले तर जुळेनात. मग खरा कुठला?" एम.एस्सी.च्या वर्गात या हरकतीवर माझे दोन तास जातात.

पुण्यात हा विषय निघाला की नारळीकर येणारच. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर या खगोलशास्त्रज्ञांचा सिद्धांत १९६४ चा : कणाचं वस्तुमान त्याचं स्वतःचं नाही, विश्वातल्या बाकी सगळ्या कणांमुळे आलेलं. तेच पुढे नेलं तर वस्तुमान काळाबरोबर वाढतं, अणू आखडत जातो आणि विश्व न फुगताही रेषा सरकलेल्या दिसतात. आमच्या मुलांना त्यांच्या विज्ञानकथा माहीत असतात, हे नाही.

काका थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले. "ठीक. पण तुमच्यात ॲल्युमिनियम कुठलं?"

मी तोऱ्यात उत्तर दिलं. गुरुत्वाकर्षणाचं घड्याळ म्हणजे चंद्राची कक्षा, आणि दुसरं अणूचं घड्याळ. १९६९ पासून चंद्रावरच्या आरशांवर लेझर मारून आपण दोन्ही ताडून पाहतोय. गुरुत्वाकर्षणाची ताकद सांगणारा गुरुत्व-स्थिरांक बदलत असेलच, तर वर्षाला १० लाख कोटींत एखाद्या भागाइतका, त्याहून जास्त नाही. काका खूश झाले. जाता जाता माझी प्लॅस्टिकची पट्टी उचलून म्हणाले, "टोक झिजलंय. एकपासून मोजत जा."

संध्याकाळी मी माझा आणि माझ्या विद्यार्थिनीचा, छापायला पाठवलेला पेपर उघडला. त्यात कणांची वस्तुमानं एका क्षेत्राबरोबर (फील्ड, म्हणजे अवकाशात सगळीकडे पसरलेली एक राशी) बदलत होती, गुरुत्व-स्थिरांकही त्याच क्षेत्राबरोबर, आणि सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, अंतरांत आम्हाला छोटासा नवा परिणाम दिसला होता. पेपर तपासणाऱ्या रेफरीनं त्याला 'रंजक' म्हटलं होतं. (दोन महिने घेऊन एवढाच शब्द.) काकांचा प्रश्न समासात लिहिला आणि शोधत बसले. ॲल्युमिनियम नव्हतंच. सगळं स्टील. क्षेत्र स्थिर राहील असं माप निवडलं की समीकरणं निमूटपणे आइन्स्टाईनची होत होती. अशा मॉडेलांतली माप हवं तसं निवडायची ही मोकळीक, म्हणजे सममिती, नुसती दिखाऊ असते, हे जॅकिव आणि पाय या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये लिहून ठेवलंय. मी ते वाचलंय, वर्गात शिकवलंयही. मग तो परिणाम आला कुठून? कोडमध्ये बाकी सगळं नव्या मापात नेलं होतं, सुपरनोव्हाची तेजस्विता तेवढी जुन्या मापात राहिली होती.

सोमवारी विद्यार्थिनीला सांगितलं. ती रडली नाही. "ती ओळ मी तुम्हाला दाखवली होती," एवढंच म्हणाली. दाखवली होती.

पेपर मागे घेतला. आता ती न्यूट्रिनो या अगदी हलक्या कणाचं वस्तुमान त्या क्षेत्राला न बांधता मोकळं सोडून बघते आहे. ते तरी वेगळं फुगतं का. काकांना कळवायला हवं होतं, पण फोन नंबर घेतला नव्हता. गेटवरच्या रजिस्टरमध्ये फक्त सही आहे, आणि ती लागत नाही.